पन्नास पाकिटांची वही



उन्हाळी कामाचे दिवस जवळ आले की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. कुरडया, पापड, शेवया आपण करूच, पण विकायच्या कुठं? मग कुणीतरी म्हणतं, प्रदर्शनात स्टॉल लावू. प्रदर्शन वाईट नाही. ‘उमेद’च्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात लांबचं गिऱ्हाईक भेटतं, आपल्यासारख्या दहा गटांचा माल बघायला मिळतो. पण तिथं आधी माल करावा लागतो आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघावी लागते. गव्हाचे पैसे आपले, गॅसचे आपले, जाण्यायेण्याचं भाडं आपलं. शेवटच्या दिवशी उरलेली पोती परत गाडीत चढवताना बायकांचे चेहरे बघवत नाहीत. त्यातून गव्हासाठी अंतर्गत कर्ज उचललेलं असेल तर माल घरात आणि हप्ता डोक्यावर.

म्हणून आज आपण उलट्या बाजूनं सुरुवात करण्याविषयी बोलू. आधी नोंदणी, थोडा आगाऊ पैसा, आणि मग गहू भिजत घालायचा. तेही ठरवलेल्या संख्येपुरतंच. शहरातल्या मुली याला प्री-ऑर्डर म्हणतात. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. आंब्याच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी होते. मराठी पुस्तकांचे प्रकाशक पुस्तक छापायच्या आधी सवलतीत नोंदणी घेतात, त्याला ते प्रकाशनपूर्व सवलत म्हणतात. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर देणाऱ्या बायका पुण्या-मुंबईत कितीतरी वर्षं आहेत. आपण फक्त ते वहीत नीट मांडायचं आहे.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे ती संख्या. किती घ्यायच्या हे गिऱ्हाइकाला विचारून ठरत नाही. ते आपल्या अंगणातल्या उन्हाला, आपल्या हातांना आणि आपल्या पातेल्याला विचारून ठरतं.

कुरडईचंच उदाहरण घेऊ, कारण तिच्यात वेळ कशी जाते हे तुम्हाला सांगायला नको. गहू तीन दिवस भिजायचा, रोज पाणी बदलायचं. मग दळायचा, चीक पिळून काढायचा, चोथा बाजूला करायचा. चीक रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं, आधण ठेवायचं, चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. उन्हं डोक्यावर यायच्या आत शेवटची कुरडई कापडावर पडली पाहिजे. नंतर दोन-तीन दिवसांचं कडक ऊन. सोमवारी भिजवलेल्या गव्हाची कुरडई पुढच्या सोमवारच्या सुमारास डब्यात जाते.

फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या एका गटानं असा हिशेब मांडला. गटात दहा जणी. त्यातल्या चार जणीच सकाळी लवकर येऊ शकत होत्या, कारण बाकीच्यांकडे हरभरा आणि गव्हाची काढणी होती. मोठं पातेलं एक, त्यात दहा किलो गव्हाचा चीक एका वेळी शिजतो. वाळवायला दोन घरांच्या गच्च्या. आठवड्याला दोन घाणे, चार आठवडे, म्हणजे आठ घाणे. आमच्याकडे दहा किलो गव्हाच्या घाण्यातून साधारण चार किलो वाळलेली कुरडई हाती लागते. गव्हाची जात, दळण आणि पिळणाऱ्या हातावर हे कमी-जास्त होतं, तेव्हा तुमचा आकडा तुम्ही एक घाणा करून काढा. आठ घाण्यांचे झाले ३२ किलो.

पण ३२ किलोची नोंदणी घ्यायची नाही. मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी येतो, गारासुद्धा पडतात. म्हणून एक घाणा, म्हणजे चार किलो, पावसाच्या नावानं बाजूला ठेवला. काढताना, भरताना मोडते त्या चुऱ्याचे तीन किलो धरले. उरले २५ किलो. अर्ध्या किलोची पन्नास पाकिटं. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, पन्नास.

आता पैशाचं बघा. ८० किलो गहू, ३५ रुपयांनी २,८०० रुपये. दळणाचे ८००. गॅस दर घाण्याला २०० धरला तर १,६००. पाकिटं, लेबल, मीठ-हिंग मिळून ५००. शहरात पोचवायचे ७००. एकूण ६,४०० रुपये. आता मजुरी. इथं आपण बायका हात आखडता घेतो, “आपलंच काम, आपली कसली मजुरी” असं म्हणतो. मजुरी धरायचीच. चार जणी, आठ घाणे, अर्ध्या दिवसाचे प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे तेही ६,४००. दोन्ही मिळून १२,८००. पन्नासनं भागलं की एका पाकिटाला २५६ रुपये पडतात. किंमत ठेवली २८०.

आणि नोंदवताना अर्धे, १४० रुपये, आगाऊ. पन्नास पाकिटांचे ७,००० रुपये गहू आणायच्या आधी गटाच्या खात्यात येतात. सामानाचा सगळा खर्च ६,४००. म्हणजे गटाच्या बचतीतला रुपया न काढता, कर्ज न उचलता चूल पेटते. माल पोचल्यावर उरलेले ७,००० येतात. त्यातून मजुरी वाटायची. सगळं भागून बाराशे रुपये गटाच्या निधीत पडतात. बाराशे ऐकून कुणी हसेल. पण चार जणींच्या घरात प्रत्येकी १,६०० रुपये गेले आणि एकीच्याही डोक्यावर हप्ता चढला नाही, हेही मोजा. शिवाय बाजूला ठेवलेला चार किलोचा घाणा ऊन चांगलं पडलं तर वरकमाईच.

“पण ताई, आमच्या गावात आगाऊ पैसे कोण देणार?” हा प्रश्न दर वेळी येतो. गावात कुणी देणार नाही, बरोबर आहे. गावात प्रत्येकीच्या गच्चीवर कुरडई आहे. गिऱ्हाईक शहरात आहे. सिडको, गारखेडा, बीड बायपासकडच्या फ्लॅटमध्ये गच्ची सगळ्यांची मिळून एक, तिची किल्ली वॉचमनकडे, आणि नोकरी करणारीला तीन दिवस गव्हाचं पाणी बदलायला सवड नाही. अक्षय तृतीयेला आमरसाबरोबर कुरडई मात्र तिला हवीच असते. तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता आपल्या गावातूनच जातो. शाळेतले सर आणि मॅडम, बँकेतले साहेब, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, यातले कितीतरी जण संभाजीनगरहून रोज अप-डाऊन करतात. पहिल्या वर्षी त्यांच्या हातात पाच-पाच कुरडयांची पुडी द्या, तळून बघा म्हणावं. पुडी फुकट द्यायची, पाकीट नाही. आमच्या त्या गटाच्या पहिल्या पन्नासातली बहुतेक नावं अशा तीन-चार माणसांच्या ओळखीतून आली.

त्यांच्या मोबाइलवर जाणारा निरोप छोटा ठेवा. काय आहे, कशाचं आहे, अर्धा किलो किती रुपयांना, एकूण पाकिटं किती, नोंदणी कधी बंद होणार, माल कोणत्या तारखेला कुठं मिळणार, पैसे कुठं भरायचे. बस्स. “आजीच्या हातची चव” वगैरे लिहिलं नाही तरी चालतं. फोटो मात्र आपल्याच कुरडईचा हवा, मोबाइलमध्ये आलेला दुसऱ्या कुणाचा नको.

“एकूण पाकिटं किती” हे लिहिताना खरा आकडा लिहायचा. बाजारात “थोडाच माल शिल्लक” अशी पाटी वर्षभर लटकलेली आपण बघतो, आणि म्हणून तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आपली पन्नास म्हणजे पन्नासच असली पाहिजेत. एक्कावन्नावीला नाही म्हणता आलं पाहिजे.

हे बोलायला सोपं आहे. त्या गटात काय झालं ते सांगतो. वही भरली आणि चार दिवसांनी शहरातून एका लग्नघराचा फोन आला. चाळीस पाकिटं हवीत, सगळे पैसे आत्ता देतो. चाळीस पाकिटं म्हणजे ११,२०० रुपये. बैठक त्या दिवशी रात्री नऊपर्यंत चालली. एका ताईंचा बँकेचा हप्ता तोंडावर होता, त्या म्हणाल्या, लक्ष्मी दारात आली आणि तुम्ही दार लावताय. त्यांचं काही खोटं नव्हतं. दुसऱ्या म्हणाल्या, बाजारातून आणून भरू, लग्नाच्या पंगतीत कुणाला कळतं? शेवटी हिशेब पुन्हा मांडला. चाळीस पाकिटं म्हणजे वीस किलो, म्हणजे आणखी पाच घाणे. तेच एक पातेलं, त्याच चार बायका. घाई केली की गहू पुरता भिजत नाही, चीक नीट बसत नाही, कुरडई लालसर होते आणि हात लावला की मोडते. पहिल्या पन्नास जणांनी महिनाभर आधी पैसे दिलेत, त्यांच्या पाकिटात ती मोडकी कुरडई जाणार होती. लग्नघराला सांगितलं, आमचं काम संपल्यावर मेमध्ये करून देऊ. त्यांना चालण्यासारखं नव्हतं. ती ऑर्डर गेली.

त्या ताई अजून म्हणतात की घ्यायला हवी होती. आम्हाला तसं वाटत नाही, पण त्यांच्या हप्त्याचं काय, हा प्रश्न खराच होता. गटानं त्या महिन्यात त्यांना अंतर्गत कर्जातून मदत केली. बाजारातून आणून भरण्याबद्दल मात्र आमचं मत पक्कं आहे. ते एकदा झालं की पुढच्या वर्षी वही कोरी राहते.

पन्नासच्या पुढची नावं फेकून द्यायची नाहीत. वहीच्या मागच्या पानावर प्रतीक्षा यादी करा, त्यांच्याकडून पैसे घेऊ नका. ठेवणीतला घाणा नीट वाळला तर त्याची आठ पाकिटं या यादीतल्या पहिल्या आठ जणांना, क्रमानं. सरपंचबाईंचं नाव अकरावं असेल तर त्या अकराव्या.

मुंबईच्या लिज्जत पापडाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाकिटं झाली चार. आज तो किती मोठा उद्योग आहे हे सगळे सांगतात, पण आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. पहिल्या वर्षी पावसाळा आला तेव्हा पापड वाळेनात. त्यांनी चार महिने काम बंद ठेवलं. पुढच्या वर्षी एक बाज आणि एक स्टोव्ह आणला, बाजेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह लावायचा, असं करून पावसातही काम चालू ठेवलं. सोय झाली तेव्हा माल वाढवला. आपणही पुढच्या वर्षी पन्नासचे शंभर करायचे असतील तर आधी दुसरं पातेलं, दुसरा सोऱ्या आणि सकाळी येणाऱ्या आणखी चार जणी लागतील. मागच्या पानावरची यादी किती लांब आहे त्यावरून हा खर्च करायचा की नाही ते ठरवा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद ठेवलेली होती. अशा योजनेसाठी किंवा बँकेकडे जाताना दोन वर्षांची भरलेली वही हातात असली तर बोलणं वेगळं होतं.

आता आगाऊ पैशाबद्दल थोडं कडक बोलतो. तो पैसा माल पोचेपर्यंत आपला नाही. ऊन पडलं नाही, माल झाला नाही, तर तो परत द्यायचा आहे. पण तोवर तर गहू आणलेला असतो. म्हणून वही उघडायच्या आधीच बैठकीत ठराव करा की माल देता आला नाही तर गटाच्या निधीतून इतके रुपये परत करू, आणि तो ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. निधीत ७,००० नसतील तर पाकिटांची संख्या तितकी कमी करा. गिऱ्हाइकालाही पहिल्याच निरोपात सांगा. पावसानं उशीर झाला तर कळवू, आठ-दहा दिवस थांबावं लागेल. दिलाच नाही तर सगळे पैसे परत. त्यानं नोंदणी मोडली तर गहू भिजवण्याआधी पैसे परत, भिजवल्यानंतर यादीतल्या दुसऱ्याला पाकीट गेलं की परत. आधी सांगितलं की लोक समजून घेतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी असाच थेट करार सुरू केला, त्याला तिथं तेइकेइ म्हणतात. पीक यायच्या आधी बांधिलकी द्यायची आणि कमी-जास्त झालं तर दोघांनी वाटून घ्यायचं. आपलं गिऱ्हाईकही तेवढं शहाणं आहे, फक्त पाऊस पडल्यावर तीन दिवस फोन बंद ठेवायचा नाही.

पैसे घ्यायचा क्यूआर कोड गटाच्या बँक खात्याचा हवा. कुणा एकीच्या मुलाच्या मोबाइलवर पैसे घेतले की चांगल्या गटातही कुजबुज सुरू होते, मग भले एक रुपया इकडचा तिकडे झालेला नसो. रोख आले तर पावती. नणंद असो, जाऊ असो, पावती. वहीत नाव, फोन, किती पाकिटं, आगाऊ किती आणि कधी आले, बाकी किती, कुठं नेणार, एवढे रकाने पुरेत. आठवड्याच्या बैठकीत सचिवांनी ते मोठ्यानं वाचायचे. ज्यांना वाचता येत नाही त्या बायका आकडे पक्के लक्षात ठेवतात, आमचा अनुभव आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. घरच्या चुलीवर केलेला माल विकायचा असला तरी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी पुरते, मोठा परवाना लागत नाही. ती ऑनलाइन होते, सेवा केंद्रात करून मिळते. १४ आकडी नंबर येतो, तो लेबलवर टाकायचा. त्याबरोबर पदार्थाचं नाव, घातलेलं सामान, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, गटाचं नाव-पत्ता-फोन, आणि शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका. वजन काट्यावर करा आणि पाकिटाचं वजन त्यात धरू नका.

पोचवायचं कसं? घरोघरी जायचं नाही. पन्नास घरं म्हणजे पन्नास पत्ते, त्यात सगळी मजुरी रिक्षात जाते. एक वार, एक वेळ, दोन ठिकाणं. आमचा गट हर्सूल टी-पॉइंट आणि टीव्ही सेंटरला थांबला, रविवारी सकाळी दहा ते एक, कारण गावाकडून येणारी गाडी त्याच रस्त्यानं येते. आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन केला. ज्यांना जमलं नाही त्यांची पाकिटं अप-डाऊन करणाऱ्या मॅडमनी सोमवारी नेली. बाकीचे पैसे हातात पडल्याशिवाय पाकीट सुटत नाही, हे तिथं थांबणाऱ्या दोघींनी हसत हसत पाळायचं. आणि तिथंच विचारायचं, दिवाळीला चकली लागेल का?

कारण हीच वही दिवाळीला पुन्हा उघडता येते. तिथं हिशेब थोडा वेगळा आहे. चकलीला ऊन लागत नाही, पण ती कुरडईसारखी वर्षभर टिकतही नाही. सगळ्यांना ताजी हवी आणि सगळ्यांना वसुबारसेच्या आत हवी. म्हणजे भाजणी आधी करून ठेवता आली तरी तळणं शेवटच्या पाच-सहा दिवसांतच. कढई किती, तळणाऱ्या किती जणी, आणि त्याच दिवसांत त्यांच्या स्वतःच्या घरचा फराळ कधी व्हायचा, यावरून संख्या काढा. तेलाचा भाव दसऱ्यानंतर चढलेला असू शकतो, म्हणून आगाऊ रक्कम आली की तेल लगेच घेऊन ठेवा. आणि वही दसऱ्यालाच बंद करा. धनत्रयोदशीला फोन करणाऱ्या बाईंना पुढच्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव द्या.